'रिनाउन' : एका वेगवान मनवारीची हकीकत

इसवी सन १९२१ च्या नोव्हेंबर महिन्यात, १७ तारखेस, मुंबई बंदरात एक प्रचंड मनवार येऊन उभी राहिली. 'मनवार' हा शब्द आजच्या विद्यार्थ्यांस नवा वाटेल; परंतु कोकणपट्टीतील जुनी माणसे इंग्रजांच्या लढाऊ जहाजास ह्याच नावाने ओळखीत. ह्या मनवारीचे नाव 'रिनाउन', म्हणजे कीर्ती. तिच्यावर इंग्लंडचे युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स, होते. दोन दिवसांनी, १९ तारखेस, युवराज पुण्यास गेले, आणि मुंबईहून पुण्यास जाणारा लोहमार्ग तेव्हाही कर्जतवरूनच घाट चढत असे. आमच्या कर्जत-खालापूरचा त्या जहाजाशी आलेला संबंध म्हणाल तर एवढाच.

तथापि त्या जहाजाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले, ह्याचे कारण निराळे आहे. 'रिनाउन' ज्या जातीची होती, त्या जातीची जहाजे एका विशिष्ट कल्पनेवर बांधलेली होती. ती कल्पना ऐकताना मोठी शहाणपणाची वाटते. तिच्यापायी हजारो खलाशी समुद्राच्या तळाशी गेले. 'रिनाउन' मात्र वाचली, आणि ती का वाचली हे समजून घेण्याजोगे आहे.

लढाऊ जहाज बांधताना तीन वजने सांभाळावी लागतात : तोफांचे, चिलखताचे आणि यंत्रांचे. जहाजाचा आकार एकदा ठरला, की ह्या तिघांत वाटून देण्याजोगे वजनही ठरून जाते. ठराविक पगारात संसार चालविणाऱ्या गृहिणीस हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. एका बाजूस खर्च वाढला, की दुसऱ्या बाजूस हात आखडावाच लागतो. त्या काळच्या बॅटलशिप जातीच्या जहाजांवर मोठ्या तोफा व जाड चिलखत असे, म्हणून ती धिमी चालत. क्रूझर जातीची जहाजे चपळ, पण त्यांच्या तोफा लहान. इंग्रजी आरमाराचे अ‍ॅडमिरल फिशर ह्यांनी ह्या दोहोंच्या मधली एक जात काढली, तिचे नाव बॅटल-क्रूझर. तोफा बॅटलशिपच्या, वेग क्रूझरचा. आणि हे दोन्ही साधण्यासाठी जे कमी करावयाचे ते चिलखत. आपल्याहून दुबळे जहाज दिसल्यास त्यास गाठून दुरूनच बुडवावे, बलवान दिसल्यास वेगाने निसटून जावे, अशी ही योजना होती. फिशरसाहेबांच्या मते वेग हेच चिलखत. ह्या जातीचे पहिले जहाज 'इन्व्हिन्सिबल', म्हणजे अजिंक्य, १९०८ मध्ये तयार झाले. आणि १९१४ च्या डिसेंबरात दक्षिण अमेरिकेजवळच्या फॉकलंड बेटांपाशी त्याने व त्याच्या जोडीदाराने जर्मनीच्या एका आरमारी तुकडीचा जवळजवळ संपूर्ण नाश केला. तेव्हा फिशरसाहेबांचे म्हणणे खरे ठरले असे सर्वांस वाटले.

आमच्या वाचकांपैकी कोणास येथे दावीद आठवेल. शौल राजाचे जड चिलखत अंगावरून उतरवून, हातात गोफण घेऊन तो गल्याथापुढे गेला आणि जिंकला. ही तुलना चांगली आहे. फक्त दाविदाच्या पायाखाली दारूचे कोठार नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे. दुसरी तुलना आमच्या घराजवळची. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत तेथे शिवाजी महाराजांच्या मोजक्या मावळ्यांनी कारतलबखानाच्या मोठ्या फौजेस कोंडीत धरून शरण आणले. हलक्या व चपळ सैन्याने जड सैन्यावर मिळविलेला हा विजय म्हणून आम्ही वर्गात शिकवितो, आणि ते खरेच आहे. परंतु मावळ्यांच्या अंगावर चिलखत नव्हते, हे म्हणणे अर्धेच खरे. सह्याद्रीची झाडी, दोन्ही बाजूंचे कडे आणि मधली अरुंद वाट, हेच त्यांचे चिलखत होते. समुद्राला खिंडी नसतात. सपाट पाण्यावर, स्वच्छ उजेडात, दहा-पंधरा किलोमीटरांवरून येणारा गोळा जहाज कितीही धावले तरी नेमाने चुकविता येत नाही.

हे १९१६ च्या मे महिन्याच्या ३१ तारखेस सिद्ध झाले. त्या दिवशी डेन्मार्कजवळ जटलंड येथे इंग्रज व जर्मन आरमारांची गाठ पडली आणि एका दुपारी इंग्रजांच्या तीन बॅटल-क्रूझर फुटून गेल्या : 'इंडिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि तीच 'इन्व्हिन्सिबल'. तिन्हींवर मिळून ३,३०० हून अधिक माणसे मेली. वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. चिलखत पातळ होते हा एक दोष. दुसरा दोष माणसांच्या उतावळेपणाचा. गोळे भराभर सोडता यावेत म्हणून दारूकोठाराच्या वाटेवरील दारे उघडी ठेवण्याची व दारू जवळ आणून रचण्याची सवय जहाजांवर लागली होती. तोफेच्या बुरुजात लागलेली आग त्या वाटेने सरळ खाली उतरली.

'रिनाउन' तेव्हा स्कॉटलंडात, ग्लासगोजवळच्या गोव्हन येथील फेअरफील्ड कंपनीच्या गोदीत जवळजवळ पुरी होत आली होती. मुळात ती बॅटलशिप व्हावयाची. पण फॉकलंडच्या विजयाच्या भरात फिशरसाहेबांनी तिचा नकाशाच बदलविला. तिचे काम १९१५ च्या जानेवारीत, २५ तारखेस, म्हणजे फिशरसाहेबांच्या वाढदिवशीच सुरू झाले. तिची जुळी बहीण 'रिपल्स' हिचेही काम त्याच दिवशी सुरू झाले. 'रिनाउन' १९१६ च्या मार्चमध्ये पाण्यात उतरली आणि सप्टेंबरात आरमारात दाखल झाली. इतके मोठे जहाज इतक्या थोड्या काळात बांधून होणे हा कारागिरांचा पराक्रमच म्हणावा लागेल.

तिच्या मोठेपणाची कल्पना नुसत्या आकड्यांनी यावयाची नाही, म्हणून आमच्या मुलखातील मापे लावून पाहू. लांबी ७९४ फूट. कर्जत स्थानकात बारा डब्यांची लोकल उभी राहते, तिच्या लांबीची जवळजवळ बरोबरी होईल. तोफा सहा, प्रत्येकीचे तोंड १५ इंच. एका गोळ्याचे वजन सुमारे ८७० किलो, म्हणजे पन्नास किलोंच्या तांदळाच्या सतरा गोण्या. तो गोळा २० किलोमीटरांहून अधिक दूर जात असे; कर्जतहून सोडला तर खोपोलीच्या माथ्यावरून पलीकडे घाटात पडला असता. यंत्रांची शक्ती १,१२,००० अश्वशक्ती. खोपोलीचे टाटांचे वीजघर विद्यार्थ्यांनी पाहिलेले आहे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी अजस्र नळांतून तेथे पाचशे मीटरांहून खाली कोसळते आणि त्यापासून वीज होते. हे वीजघर 'रिनाउन'च्या आधी एकच वर्ष, १९१५ मध्ये, सुरू झाले. त्याची पुढे वाढविलेली शक्ती ७२ मेगावॉट, म्हणजे ९६,००० अश्वशक्तीच्या आसपास. ह्या एका जहाजाच्या पोटात त्याहूनही अधिक शक्ती, आणि ती सारी ३२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५९ किलोमीटर, ह्या वेगासाठी! आणि चिलखत? बाजूस अवघे ६ इंच. त्या काळच्या चांगल्या बॅटलशिपच्या बाजूस ह्याच्या दुपटीहून अधिक असे.

जटलंडनंतर असल्या जहाजाचे कोण स्वागत करणार? दाखल होताच तिला आणखी चिलखत बसविण्यासाठी परत पाठविण्यात आले. पुढेही दोघी बहिणींच्या गोदीच्या वाऱ्या इतक्या झाल्या, की खलाशी 'रिनाउन' व 'रिपल्स' ह्यांस 'रिफिट' व 'रिपेअर' म्हणू लागले. खलाशांची थट्टा नेहमी कडू असते. पण ह्याच वाऱ्यांनी पुढे 'रिनाउन'चे प्राण राखले.

पहिल्या महायुद्धात तिला शत्रूवर तोफ डागण्याचा प्रसंगच आला नाही. युद्ध संपल्यावर तिच्या वेगाचा निराळाच उपयोग करण्यात आला, तो राजघराण्यातील मंडळींस साम्राज्यभर फिरविण्याचा. १९१९ मध्ये युवराज तिच्यावरून कॅनडाकडे गेले. १९२० मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडकडे. ह्या सफरींसाठी काही दुय्यम तोफा उतरवून फिरावयास मोकळी जागा करण्यात आली होती, आणि स्क्वॉश खेळण्याची सोयही केली होती. तिसरी सफर हिंदुस्थान व जपानची. १९०५ मध्ये युवराजांचे वडील मुंबईस आले, तेही 'रिनाउन' नावाच्याच, पण आधीच्या, एका जहाजावरून.

त्या दोन भेटींत सोळा वर्षांचे अंतर होते, पण हिंदुस्थान पार बदलला होता. युवराज अपोलो बंदरावर उतरले, त्याच दिवशी परळ येथे एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींच्या हस्ते परदेशी कापडाची होळी झाली. स्वागतावर बहिष्कार पुकारलेला होता. जे स्वागतास गेले, त्यांत पारशी, ख्रिस्ती व यहुदी लोक पुष्कळ होते. परत येताना जमावाने त्यांस गाठले. टोप्या व परदेशी कपडे हिसकावले गेले, दुकाने फोडली गेली, माणसे मारली गेली. मग पारशी व अँग्लो-इंडियन मंडळींतील काहींनी बदला म्हणून हाती येईल त्या खादीधाऱ्यास बडविले. चार-पाच दिवसांत पन्नासांहून अधिक माणसे प्राणास मुकली. गांधीजींनी १९ तारखेपासून उपवास धरला आणि सर्व जातिधर्मांच्या पुढाऱ्यांनी शांतता आणल्यावर तो २२ तारखेस सोडला. ख्रिस्ती वाचकांस आम्ही हे मुद्दाम सांगतो. आमच्या समाजावर त्या वेळी हात पडला ही गोष्ट घरोघर सांगितली जाते. तो हात आवरण्यासाठी कोणी अन्नत्याग केला, ही तितकीशी सांगितली जात नाही. बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या त्या सहा तोफांचा ह्या भांडणात काडीचाही उपयोग नव्हता.

मुंबई अशी पेटलेली असतानाच १९ तारखेस युवराज पुण्यास गेले. घाटात तेव्हा वाफेची इंजिने चालत आणि खंडाळ्याजवळ गाडीचे तोंड फिरविण्याचे एक स्टेशन होते. ते १९२९ मध्ये मार्ग बदलल्यावर बंद झाले. पुण्यास युवराजांच्या हस्ते श्रीशिवाजी-स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. ह्या कार्यात कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा पुढाकार होता. त्या जागी १९२८ मध्ये जो अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो घडविणारे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे आमच्याच जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या सासवण्याचे. ज्या राजाने ह्या किनाऱ्यावर स्वतःचे आरमार उभारले, त्याच्या स्मारकाचा दगड इंग्रजी मनवारीतून आलेल्या पाहुण्याने बसवावा, हा काळाचा विनोदच. असो.

युवराज हिंदुस्थानभर फिरून १९२२ च्या मार्चमध्ये कराचीस पुन्हा जहाजावर चढले आणि जपानमार्गे स्वदेशी गेले. त्यांच्या सोबत एक तरुण आरमारी अधिकारी होता, लुई माउंटबॅटन. पंचवीस वर्षांनी तोच शेवटचा व्हाइसरॉय म्हणून येथे आला.

पुढली हकीकत गोदीची आहे, आणि ती कंटाळवाणी वाटली तरी तीच महत्त्वाची. १९२३ ते १९२६ ह्या काळात 'रिनाउन'चे सहा इंची चिलखत काढून नऊ इंची बसविले. १९२७ मध्ये तिने यॉर्कचे ड्यूक व त्यांची पत्नी ह्यांस ऑस्ट्रेलियास नेले. १९३६ मध्ये तिला पुन्हा गोदीत घेतले, ते थेट तीन वर्षे. (ज्या युवराजांस तिने जगभर मिरविले, ते त्याच वर्षी राजपदावरून पायउतार झाले.) ह्या वेळी तिचे पोटच रिकामे करण्यात आले. जुने ४२ बॉयलर जाऊन त्यांच्या जागी तेवढेच काम देणारे नवे आठ आले. यंत्रांत असे वाचलेले वजन दारूकोठारावरच्या छतास व विमानांवर मारा करणाऱ्या नव्या तोफांस मिळाले. गृहिणीचे गणित येथे पुन्हा आले पाहा. चुलीचे सरपण वाचले, म्हणून दारास कडी बसविता आली. 'रिपल्स'चीही दुरुस्ती झाली होती, पण इतकी खोल नव्हे. सर्वांत मोठी बॅटल-क्रूझर 'हूड', तिची पाळी यावयाच्या आत १९३९ चे महायुद्ध सुरू झाले.

'रिनाउन'ची खरी परीक्षा १९४० च्या एप्रिलमध्ये, ९ तारखेस, नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यापाशी झाली. पहाटे चारचा सुमार, समुद्र खवळलेला, बर्फाचे वादळ. अंधुक उजेडात जर्मनीची दोन नवी जहाजे दिसली, 'शार्नहॉर्स्ट' आणि 'ग्नायझनाउ'. त्यांच्या तोफा अकरा इंची, पण दोन्हींवर मिळून अठरा. त्यांचे चिलखत हिच्याहून कितीतरी जाड. 'रिनाउन' चोवीस वर्षांची, तिच्या तोफा सहा, आणि सोबतच्या लहान विनाशिका लाटांत मागे पडलेल्या. फिशरसाहेबांच्या नियमाने तिने निसटावयास हवे होते. तिने उलट पाठलाग केला. तिच्या एका मोठ्या गोळ्याने 'ग्नायझनाउ'चे तोफा नेमण्याचे मुख्य यंत्र निकामी झाले, आणि दोन्ही जर्मन जहाजे वादळात दिसेनाशी झाली. 'रिनाउन'ला दोन गोळे लागले. फारशी हानी झाली नाही. बर्फात नीट दिसत नसल्यामुळे आपल्यापुढे किती शत्रू आहे हे जर्मनांस कळले नाही. मागे पडलेल्या विनाशिकांच्या तोफांच्या चमका पाहून त्यांस मोठ्या जहाजांचा भास झाला, असेही सांगतात. आमच्या मते समुद्रात एकदाच उंबरखिंड मिळाली ती येथे. कड्यांचे काम बर्फाने केले.

पुढे जिब्राल्टर येथे राहून तिने भूमध्य समुद्रात पुष्कळ काम केले. १९४१ च्या फेब्रुवारीत इटलीच्या जिनोआ बंदरावर तोफा डागल्या. त्याच वर्षी मे महिन्याच्या २४ तारखेस जर्मनीच्या 'बिस्मार्क'शी लढताना 'हूड' स्फोट होऊन काही मिनिटांत बुडाली. १,४१५ माणसे गेली, वाचली तीन. जटलंडचा धडा पंचवीस वर्षांनी पुन्हा वाचावा लागला. 'बिस्मार्क'च्या पाठलागावर 'रिनाउन'ही होती, पण तिला त्या जहाजासमोर एकटे जाऊ दिले नाही, आणि ते योग्यच झाले. डिसेंबराच्या १० तारखेस मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी 'रिपल्स' व 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही दोन्ही जहाजे बुडविली. दोन्हींवर मिळून ८४० माणसे मेली. 'रिपल्स'च्या कप्तानाने वेगाच्या व सुकाणूच्या बळावर कित्येक टॉर्पेडो चुकविले. म्हणजे थोडा वेळ वेग खरोखरीच चिलखत झाला होता. मग चोहोबाजूंनी एकदम टॉर्पेडो आले.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. 'रिनाउन' वाचली ती तिच्या नव्या बांधणीमुळे, असे पुष्कळ जण म्हणतात. ते बरेचसे खरे आहे. पण त्या दिवशी मलायापाशी 'रिपल्स'च्या जागी ती असती, तर तीही वाचली नसती असे आमचे मत आहे. 'प्रिन्स ऑफ वेल्स' हे तर अगदी नवे व जाड चिलखताचे जहाज होते. वर आपले एकही विमान नसताना चिलखताची जाडी मोजून काय करावयाचे?

१९४३ मध्ये 'रिनाउन'ने पंतप्रधान चर्चिल ह्यांस कॅनडाहून घरी आणले व पुढे कैरोच्या परिषदेसाठी नेले. १९४४ मध्ये ती पुन्हा आमच्या समुद्रात आली. सिलोन येथे तळ करून तिने सुमात्राजवळील साबांगवर आणि जपान्यांच्या ताब्यात गेलेल्या अंदमान-निकोबार बेटांवर मारा केला. त्याच वर्षी सिलोनातच कँडी येथे माउंटबॅटन हे आग्नेय आशियातील सर्व सैन्यांचे सरसेनापती होते. तेवीस वर्षांपूर्वी ह्याच जहाजाच्या फळ्यांवरून ते मुंबईत उतरले होते.

१९४५ मध्ये तिला मायदेशी बोलाविण्यात आले. ऑगस्टमध्ये प्लिमथ येथे तिच्यावर राजे सहावे जॉर्ज आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन ह्यांची भेट झाली. हे राजे म्हणजे १९२७ मध्ये तिच्यावरून ऑस्ट्रेलियास गेलेले ड्यूक. त्यानंतर तिला काम उरले नाही. इंग्रजांच्या बॅटल-क्रूझरपैकी तीच एक शिल्लक होती, आणि विमानांच्या युगात तिचा खर्च सोसण्याचे कारण नव्हते. (जगातील ह्या जातीचे शेवटचे जहाज तुर्कस्तानचे 'यावूझ', ते मूळचे जर्मनांचे, आणि १९७३ नंतर मोडले गेले.)

१९४८ च्या ऑगस्टमध्ये 'रिनाउन' मोडीत विकली गेली. स्कॉटलंडात फॅसलेन येथे तिला ओढून नेले आणि चिलखताचे पत्रे, बॉयलर, यंत्रे असे करीत तिचे लोखंड वेगळे करण्यात आले. फॅसलेन हे क्लाइड नदीच्या मुखाशी असलेल्या एका खाडीवर आहे. ज्या गोव्हनच्या गोदीत ती बत्तीस वर्षांपूर्वी पाण्यात उतरली, ती गोदीही त्याच नदीच्या काठी, थोडी वरच्या अंगास होती.